जळवेच्या लाळेचा अभ्यास व्हायला हवा

महोदय,
जळू म्हटले की अंगावर काटा येतो. पण पोटभर रक्त पिऊन ती गळून पडली, तरी तिच्या तीन जबड्यांनी केलेली इवलीशी तीन टोकांची जखम कितीतरी तास झिरपत राहते. ही किमया लाळेतल्या प्रथिनांची! त्यातले हिरुडिन अवघ्या ६५ अमिनो आम्लांचे, पण रक्त गोठवणाऱ्या थ्रॉम्बिनला ते असे घट्ट धरते की गुठळी धरतच नाही. जळवेतला हा गुण शरीरशास्त्रज्ञ जॉन हेक्राफ्ट यांनी १८८४ मध्ये दाखवला. पुढे हिरुडिनच्याच धर्तीवर बायव्हॅलिरुडिन हे औषध तयार झाले. अँजिओप्लास्टीत ते वापरतात. लाळेत आणखीही कितीतरी प्रथिने आहेत; त्यांचाही अभ्यास व्हायला हवा. ‘किड्यामुंग्यांचे संशोधन’ म्हणून या कामाचा निधी कृपया अडवू नये.

– एक वाचक