जिम टाकण्याआधी खोली मोजा

संपादक साहेब, नमस्कार.

आपल्या जळगाव-भुसावळकडे हल्ली जो तो घरीच जिम टाकतोय, पण आधी ट्रेडमिल येते न मग जागा शोधतात, शेवटी तिच्यावर टॉवेल वाळतात. ऑलिम्पिक रॉड, म्हणजे वजन उचलायची लांब दांडी, 20 किलोचा, लांबी 7 फुटांच्या वर, वजनाच्या प्लेटा चढवायला दोन्हीकडे दीड-दीड फूट सोडा म्हणजे 10 फूट रुंदी लागतेच, अन् हात वर ताणून उभं राहून छतही बघा, पंखा विसरू नका. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात कोण व्यायाम करणार? खालची, हवा खेळती असलेली खोलीच बरी. फरशी तडकू नये म्हणून जाड रबर मॅट, डंबेल, एक बेंच घ्या, मशीनचं नंतर बघू.

– एक वाचक, भुसावळ