झगमगाटाला नावं ठेवण्याआधी

प्रति,
संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतल्या फॅशनवरच्या लेखाचा सूर असा होता की, 'क्वायट लक्झरी'चे, म्हणजे नाव न मिरवणाऱ्या, साध्या दिसणाऱ्या पण महागड्या कपड्यांचे, दिवस सरले, भपका परत आला आणि अभिरुचीची घसरण सुरू झाली. मला हे अजिबात पटलं नाही. मी आरीकाम, म्हणजे आकड्यासारख्या सुईने चमकत्या टिकल्यांचं भरतकाम, करते, त्यामुळे माझं माप झगमगाटाच्या पारड्यात पडणार हे उघड आहे. तरी लिहिते, कारण या लेखात ज्याला साधेपणा म्हटलंय तो साधेपणा नव्हताच.

२०२३ आठवा. हॉलिवूडची अभिनेत्री ग्वेनेथ पॅल्ट्रो स्कीइंगच्या अपघाताच्या खटल्यासाठी कोर्टात आली, तर तिच्या साक्षीइतकीच तिच्या स्वेटरांची चर्चा झाली. लोरो पियाना, ब्रुनेलो कुचिनेली, द रो या महागड्या ब्रँडची नावं एकाएकी सगळ्यांच्या तोंडी आली. माल उत्तम, यात वाद नाही. हे स्वेटर ज्या कॅश्मीर लोकरीचे, ती मऊ लोकर एका शेळीपासून वर्षाला जेमतेम दीड-दोनशे ग्रॅम निघते, म्हणजे एका स्वेटरलाच दोन-तीन शेळ्यांची वर्षभराची लोकर लागते. पण ही किंमत ओळखणार कोण? ज्याने तसा स्वेटर आधी अंगावर घातलाय तोच. कपड्यावर नाव नाही, चिन्ह नाही. खूण फक्त आपसात पटावी अशी बेतलेली. साधं राहणारा माणूस कमी खर्चात भागवतो. इथे पैसा उदंड ओतलेला असतो, फक्त तो परक्याच्या नजरेला कळू द्यायचा नसतो. आणि बाकीच्यांनी नक्कल केली तेव्हा त्यांच्या हाती काय आलं? पॉलिएस्टरमिश्रित मातकट स्वेटर, जो दोन धुण्यांत गोळे धरतो.

मला सगळ्यात खुपलं ती बायकांना दिलेली शिकवण. मोठे कानातले नकोत, गडद लिपस्टिक नको, चमकणारं काही नको. 'महाग दिसायचं' असेल तर फिकट मातकट रंग घाला आणि नजरेत येऊ नका. वयाने मोठ्या बायकांना तर हे आयुष्यभर ऐकवलं जातंच. त्यालाच अभिरुचीचं नाव मिळालं आणि पुन्हा एकदा अंग चोरून बसायची पाळी आली.

म्हणून २०२४ च्या जानेवारीत 'मॉब वाइफ'ची, म्हणजे माफियाच्या बायकोसारख्या भडक थाटाची, लाट आली, फरचे कोट, बिबट्याचे ठिपके, घसघशीत सोनं, तेव्हा मला बरं वाटलं. त्याच वर्षी मार्चमध्ये भरगच्च, नटव्या कपड्यांसाठी ओळखला जाणारा डिझायनर अलेस्सांद्रो मिकेले व्हॅलेंटिनो या फॅशन घराण्यात गेला. गुची या ब्रँडमध्ये डिझायनर साबातो दे सार्नोचा संयत काळ फेब्रुवारी २०२५ मध्ये आटोपला. तरीही त्या मुक्या श्रीमंतीचं दुकान बंद झालेलं नाही. कुचिनेली आणि एर्मेस या ब्रँडची विक्री २०२४ मध्येही वाढलीच. ज्यांची ती दुनिया आहे ते तिथेच आहेत. बाहेर पडलोय ते आपण.

यामागे नुसता कंटाळा आहे, असंही मला वाटत नाही. ब्रिटनमध्ये १९४१ पासून १९४९ पर्यंत कपड्यांवर रेशन होतं. त्या काळात, १२ फेब्रुवारी १९४७ रोजी, डिझायनर क्रिस्तियान दिऑरने पॅरिसमध्ये बारीक कंबरेचे आणि मीटरच्या मीटर कापड खाणाऱ्या घेरांचे कपडे दाखवले. उधळपट्टी म्हणून शिव्या बसल्या, निदर्शनंही झाली. तरी बायकांनी ते घेर घातले, कारण वर्षानुवर्षं त्यांना काटकसरच शिकवली होती. ऐंशीच्या दशकात म्युग्लर आणि माँटाना या डिझायनरांनी कपड्यांचे खांदे रुंद केले, तेव्हा बायका कचेऱ्यांमध्ये वरच्या खुर्च्यांपर्यंत पोचू लागल्या होत्या.

आणि आता माझ्या कामाचं. आरीकामात कापड चौकटीवर असं ताणायचं की टिचकी मारली तर वाजलं पाहिजे. एका हातात वर आरी, दुसऱ्या हातात खाली दोरा. आरी टिकली घेऊन खाली जाते, दोरा पकडून वर येते, तोवर पुढची टिकली आधीच्या टिकलीवर अर्धी चढवायची असते. टाका साखळीचा असल्याने ओळीच्या शेवटी गाठ नीट बसली नाही, तर एक टोक ओढताच अख्खी ओळ सुटते. एवढी मेहनत त्या 'भपक्या'त असते. पॅरिसचं लसाज हे भरतकामाचं घर १९२४ पासून हेच करत आलंय. शनेल या फॅशन कंपनीने ते २००२ मध्ये विकत घेतलं, कारण असे हात पुन्हा उभे करता येत नाहीत.

झगमगाटात खोट आहे, आणि ती मोठी आहे. आजच्या बहुतेक टिकल्या प्लॅस्टिकच्या असतात. प्लॅस्टिकच्या पट्टीतून गोल कापून घेतले की उरलेली जाळी कचऱ्यात जाते. स्वस्त कपड्यांवर तर त्या गोंदाने चिकटवलेल्या असतात, धुण्यात सुटतात आणि पाण्याबरोबर वाहून जातात. असा कपडा एका रात्रीसाठी घ्यायचा आणि टाकून द्यायचा, याचं समर्थन मी करणार नाही. शिवलेल्या टिकलीचं काम उसवलं तर पुन्हा भरता येतं. चिकटवलेल्याचं काहीच करता येत नाही.

तेव्हा एक विनंती. पुरवणीत चमचमत्या कपड्यांचे फोटो जरूर छापा, पण फोटोखाली डिझायनरच्या नावाबरोबर इतकं तरी लिहा, की काम हाताचं आहे की यंत्राचं, टिकल्या शिवलेल्या आहेत की चिकटवलेल्या, आणि भरतकाम कोणाकडून करवून घेतलं.

आपली,
एक वाचक