गाडी अडवून ठेवणाऱ्या मिस्त्रीमामांना

ती. मिस्त्रीमामांना,
सा. न. वि. वि.

शाळेला जाता-येता तुमचं गॅरेज वाटेतच लागतं. मनात आणलं तर दोन मिनिटं थांबून हे सगळं तोंडी सांगता येईल. पण समोर आभाराचा विषय काढला की तुम्ही "बस की गं, चहा घे" म्हणता आणि पुन्हा पाना हातात घेता. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांनी वाचावं असं. तुमचं किंवा गॅरेजचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. बेळगावात खानापूर रोडला तिसऱ्या रेल्वे गेटाच्या आसपास ज्यांची गाडी कधी बंद पडलीय, ते ओळखतीलच.

माझ्या धाकट्या भावाची गाडी तुम्ही अडवून ठेवलीत, त्याबद्दल हे आभार आहेत. तो आज आहे. दोन मुलांचा बाप आहे, उद्यमबागेत क्रँकशाफ्टच्या कामावर जातो, रविवारी आईला घेऊन बाजार करतो. आमच्या घरातली ही साधी साधी सुखं तुमच्या हट्टामुळे टिकली, असं मी मानते.

2010 च्या आसपासचं बेळगाव तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल. कॉलेजच्या पोरांना जुन्या आरएक्स 100 नं झपाटलं होतं. यामाहानं ती गाडी 1996 मध्ये बनवायची बंद केली, तरी गल्लोगल्ली पोरं ती शोधून काढत, धारवाड-हुबळीपर्यंत जाऊन आणत. 98 सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, वजनाला हलकी, अ‍ॅक्सिलरेटर पिळला की पुढचं चाक उचलायला बघणारी. बाबांनी फौंड्रीतल्या पगारातून हप्ते फेडत भावाला तसलीच एक सेकंडहँड घेऊन दिली, कारण पोरगं डिप्लोमाला लांब जात होतं. महिनाभरात तिचे आरसे गेले, लेगगार्ड गेला, साडीगार्ड गेला. वजन कमी करायचं म्हणे. संध्याकाळी गोवावेसला नाहीतर आरपीडी कॉलेजच्या कोपऱ्यावर जमायचं, कुणाची गाडी किती पळते यावर वाद घालायचा, आणि रात्री जेवणं झाली की शर्यत लावायला हायवे गाठायचा. कधी पैज बिर्याणीची असे, कधी रोख पैशांची. हिंडलग्याच्या पुढे वेंगुर्ला रोडवरही हे चाले. तिथे तर रस्ता अरुंद आणि वळणावळणाचा, समोरून शिनोळीकडून येणारे ट्रक.

ही पोरं वाईट होती असं मी कधीच म्हणणार नाही. नवरात्रात पहाटे उठून दुर्गामाता दौडीला अनवाणी धावणारी, गणपतीत मंडपाचे बांबू खांद्यावरून आणणारी, कुणाच्या घरी मयत झाली तर सगळ्यात आधी पोचणारी तीच होती. मला त्यांच्याबद्दल प्रेम होतं, अजून आहे. पण अठरा-एकोणिसाव्या वर्षी मरण ही दुसऱ्याच्या घरची गोष्ट वाटते, आणि मित्र बघत असले की ब्रेककडे हात जात नाही. त्यांना वेगाची जेवढी ओढ होती, त्याहून जास्त भीती मागं पडण्याची होती. हे मला शिक्षिका झाल्यावर कळलं. तुम्हाला ते तेव्हाच कळलं होतं.

भाऊ तुमच्याकडे आला तो गाडी आणखी पळावी म्हणून सिलिंडरचे पोर्ट, म्हणजे आतली भोकं, खरवडून मोठी करून घ्यायला आणि सायलेन्सर काढून त्याजागी ताकद वाढवणारं चेंबर बसवायला. पैसे घेऊन आला होता. बाकीच्या दोन-तीन पोरांनी ते काम दुसरीकडे करून घेतलं होतंच. तुम्ही त्याला हाकलला नाहीत, शिव्याही दिल्या नाहीत. तो घरी येऊन चिडून सांगत होता म्हणून मला शब्दन् शब्द माहीत आहे: "इंजिन वाढवून देतो की. पण थांबणार कशावर रे तू?"

मग तुम्ही त्याला खडू दिलात आणि गॅरेजसमोरच्या बोळात नेलंत. ताशी 60 च्या वेगाला गाडी एका सेकंदात साधारण 17 मीटर जाते. समोर काही दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत तो एक सेकंद संपतोच. पुढे, रस्ता कोरडा आणि ब्रेक चांगला असला तरी थांबायला आणखी वीसेक मीटर. टेपनं मोजून तुम्ही त्यालाच रेघ मारायला लावलीत. नंतर 100 चा वेग धरलात. एका सेकंदात 28 मीटर, आणि त्यापुढे थांबायला पन्नासच्या वर. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून थांबायचं अंतर दुप्पट होत नाही, चौपट होतं, हे तुम्ही त्याला सांगितलंत. बोळ संपला, रेघ मारायला जागा उरली नाही. तेव्हा तुम्ही म्हणालात, "आता ह्याच्यापुढं तुझ्या हेडलाइटचा उजेड जातोय काय सांग."

त्याला ते तेव्हा पटलं नाही. पण डोक्यात राहिलं, कारण रेघ त्यानं स्वतः मारली होती.

तरी तो गाडी तुमच्याकडे टाकून गेला, निदान क्लच आणि कार्बोरेटर तरी करून द्या म्हणून. आणि मग काही आठवडे तुम्ही त्याला फिरवलंत. पार्ट कोल्हापूरहून यायचाय. आलाय, पण चुकीचा आलाय. पोरगा सुट्टीवर गेलाय. मिस्त्री लोक "उद्या ये" म्हणतात तेव्हा आपण मनातल्या मनात वैतागतो. तुमच्या त्या "उद्या ये"ला मी आयुष्यभर हात जोडीन. गाडी मागच्या शेडमध्ये तयार होऊन उभी होती हे बाबांना माहीत होतं. तुम्ही घरी येऊन त्यांना सांगून गेला होतात: "ही पोरं उसाचा सीझन संपेस्तोवर हायवेला जाऊ नयेत असं मला वाटतंय."

उसाचा सीझन. बाहेरच्या माणसाला त्यातली भीती कळायची नाही. दिवाळीनंतर निपाणी, चिकोडी, संकेश्वर, हुक्केरी, सगळीकडून कारखान्यांकडे ऊस निघतो. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, वर लादलेला ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर असलाच तर चिखलानं माखलेला. रात्रीच्या हायवेवर तो अगदी हळू चाललेला असतो. ताशी शंभरनं येणाऱ्याला तो दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो.

त्याच सीझनमध्ये एका रात्री तसंच झालं. हायवेवर काकतीच्या पुढे चार गाड्या शर्यतीला सुटल्या, त्यातल्या एकीवर आमच्याच गल्लीतली दोन पोरं होती. पुढे ट्रॉली आहे हे चालवणाऱ्याला दिसलं की नाही, कुणालाच माहीत नाही. तो जागीच गेला. मागे बसलेला वाचला, पण डोक्याला मार बसला. डोक्यावर अर्धं हेल्मेट होतं, पट्टा न लावलेलं, ते पहिल्याच आदळण्यात निघून गेलं. त्याला बोलायला, नंतर हात नीट उचलायला वर्ष लागलं. माझा भाऊ त्या रात्री कॉटवर तोंड फिरवून झोपला होता, गाडी नाही म्हणून आमच्या सगळ्यांवर रागावलेला.

गेलेल्या पोराबद्दल मी इथे जास्त लिहिणार नाही. त्याची आई हे वाचेल.

नंतर जे घडलं त्याबद्दल मला तुमचे आभार सगळ्यात जास्त मानायचे आहेत, कारण ते कुणी पाहिलं नाही. गल्लीतली सगळी मोठी माणसं ओरडत होती. पोरांना मारलं गेलं, गाड्या विकल्या गेल्या, कॉलेज बंद करायच्या धमक्या झाल्या. उरलेली पोरं गप्प झाली आणि एकमेकांतच मिटली. तुम्ही एका रविवारी शटर अर्धं वर करून त्यांना आत बोलावलंत. मी भावाला एकटं सोडायला तयार नव्हते, म्हणून मीही आले आणि टायरच्या ढिगाशेजारी उभी राहिले. तुम्ही एक जुनं ड्रम उघडलंत, त्यातला ब्रेकशू त्यांच्या हातात दिलात. ड्रम ब्रेक जोरात सारखा दाबला की तापतो, आणि तापला की धरत नाही. पोर्ट खरवडलेलं इंजिन जास्त तापतं. पिस्टन जाम झाला तर मागचं चाक जागच्या जागी अडकतं आणि गाडी आडवी जाते. टू-स्ट्रोकला अ‍ॅक्सिलरेटर सोडला तरी इंजिन फारसं आवरत नाही, सगळा भार ब्रेकवर. आरसा काढला म्हणजे मागून येणाऱ्याला आपण आपला जीव देऊन टाकला. तुम्ही एवढंच सांगत होतात, आणि सांगता सांगता प्रत्येक वस्तू हातात देत होतात. "कुणामुळे झालं" हा प्रश्न तुम्ही येऊच दिला नाहीत. त्या खोलीत रडायला जागा मिळाली ती त्या पोरांना पहिल्यांदाच. माझ्या भावाला तर नक्कीच.

त्यानंतर तो रविवारी तुमच्याकडे येत राहिला. पाने पुसायला, मग ब्रेक बसवायला, मग इंजिन खोलायला. आज तो मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, बोलतो, पण हाताला वळण तुमच्या गॅरेजात लागलं. ती आरएक्स त्यानं पुढे विकली, आरसे परत बसवून.

कायद्याचंही लिहिते, कारण हे पत्र पालकही वाचतील. मोटार वाहन कायद्याचं 189 वं कलम रस्त्यावरच्या शर्यतीचं आहे. त्या काळी त्याला एक महिन्यापर्यंत कैद किंवा 500 रुपयांपर्यंत दंड होता, आणि 500 रुपये तर पोरं पैजेतच जमवत. 2019 च्या दुरुस्तीनं पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही झालं. पुन्हा सापडलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा 10,000 रुपयांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. अठराच्या आतल्या मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. तरीही दहावीचा निकाल लागला की आमच्याकडे घरोघरी गाडीचा हट्ट सुरू होतो आणि आई-बाप किल्ली देतात. नव्या गाड्यांचे ब्रेक तुमच्या त्या ड्रमपेक्षा फार चांगले आहेत; 125 सीसीच्या वरच्या नव्या मोटरसायकलींना 2019 पासून एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकू न देणारी सोय, असतं. पण गाड्याही तशाच पळतात, आणि हातात मोबाइल आलाय. पूर्वी चार मित्र बघायचे, आता रील टाकली की हजार जण बघतात. मला या पोरांची फार काळजी वाटते मामा. रोज वाटते.

म्हणून मी तुमचा धडा चोरलाय. आमच्या शाळेच्या मैदानावर नववी-दहावीच्या मुलांना टेप आणि चुना दिला. आधी प्रत्येकाला विचारलं, साठच्या वेगाची गाडी किती अंतरात थांबेल, तिथे जाऊन उभे राहा. बहुतेक जण पाच-सात मीटरवर उभे राहिले. मग मोजलं. शंभरची रेघ मैदानात मावेना, तेव्हा एक मुलगा स्वतःहून फाटकाबाहेर गेला आणि रस्त्यापलीकडच्या शेताच्या बांधावर जाऊन उभा राहिला. तिथून त्यानं ओरडून विचारलं, "टीचर, पाऊस असला तर?" खानापूर भागातला पाऊस, भातशेतीतून ट्रॅक्टरनं रस्त्यावर आणलेला लाल चिखल, हे मला त्यांना सांगावं लागलं नाही. त्यांनीच आणखी पुढे जाऊन रेघ मारली.

पण मुलांनी मला ब्रेकचं, इंजिनचं जे विचारलं त्यातलं निम्मं मला सांगता आलं नाही. पिस्टन जाम होतो म्हणजे आत नेमकं काय होतं? एबीएस चिखलात चालतं काय? हेल्मेटवर आयएसआयचा शिक्का खरा की खोटा, कसा ओळखायचा? मी एवढंच म्हटलं की हे सगळं ज्यांना माहीत आहे त्यांना मी बोलावते. तर मामा, शब्द गेलाय. शनिवारी सकाळची शाळा असते, साडेआठला आलात तर दोन तास मोकळे ठेवते. भाऊ तुम्हाला घ्यायला येईल, त्यानं सुट्टी टाकलीय. येताना तो ड्रम आणि झिजलेला ब्रेकशू तेवढा आणा, आणि जमलं तर एखादा जाम होऊन चिरलेला पिस्टन. मुलांना हातात धरून बघू दे.

आई तुम्हाला आणि मामींना नमस्कार सांगते. जेवायला आमच्याकडेच थांबायचं आहे.

तुमची,
आरएक्सवाल्याची ताई