शिरेतून मेद : भीती नेमकी कशाची बाळगावी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आतडे काम करत नसलेल्या रुग्णाला शिरेवाटे पोषण देताना मेदाच्या इमल्शनची (पाण्यात तेलाचे बारीक थेंब मिसळलेल्या द्रवाची) दुधासारखी पांढरी पिशवी लावलेली पाहून ‘रक्तात तेल कशाला सोडता, बंद करा’ असा आग्रह नातेवाईक धरतात, आणि कधी कधी तो मान्यही होतो. ही भीती स्वाभाविक असली, तरी ती चुकीच्या जागी आहे.

सरकीच्या तेलाचे जुने इमल्शन अपायकारक ठरून मागे घ्यावे लागले, हे खरे आहे. परंतु १९६०च्या दशकाच्या आरंभी स्वीडनच्या आर्विद व्रेटलिंड यांचे सोयाबीन तेल व अंड्यातील फॉस्फोलिपिड (तेल पाण्यात मिसळून ठेवणारा घटक) यांचे इमल्शन आले आणि चित्र पालटले. जेवणानंतर आपले शरीर रक्तात जे मेदकण सोडते, तशाच आकाराचे, सरासरी अर्ध्या मायक्रॉनहून लहान थेंब त्यात असतात. २० टक्के इमल्शनच्या एका मिलिलिटरमधून सुमारे २ किलोकॅलरी मिळतात. मेद पूर्ण वगळून सारा भार ग्लुकोजवर टाकला, तर साखर वाढते, यकृतात चरबी साठते आणि काही आठवड्यांत आवश्यक मेदाम्लांच्या अभावी त्वचेला कोंड्यासारखे पापुद्रे सुटू लागतात.

काळजी घ्यायची ती देण्याच्या पद्धतीची. पिशवीत वर साय धरल्यासारखा पांढरा थर आला, तर ती हलक्या हाताने उलटसुलट केल्यावर तो मिसळतो. पण पिवळसर तेलाच्या रेघा दिसल्या की इमल्शन फुटले असे समजून पिशवी टाकूनच द्यावी, कारण ते मोठे थेंब फुप्फुसांतील केशवाहिन्यांत अडकू शकतात. म्हणूनच पिशवीत कॅल्शियम किंवा दुसरे कोणतेही इंजेक्शन परस्पर मिसळणे घातक आहे; त्याने इमल्शन फुटू शकते. इमल्शन इतर पोषणद्रव्यांत न मिसळता स्वतंत्र लावले असेल तर १२ तासांत संपवावे, कारण त्यात जंतू झपाट्याने वाढतात. अंडे, सोया वा मासे यांची ॲलर्जी आधी विचारावी, आणि रक्तातील ट्रायग्लिसराइड (मेदाचा एक प्रकार) तपासत राहावे.

एक बाब मात्र हमखास निसटते. अतिदक्षता विभागात झोपेसाठी दिले जाणारे प्रोपोफॉल हेही १० टक्के मेदाच्या इमल्शनमध्येच असते आणि त्याच्या प्रत्येक मिलिलिटरमधून १.१ किलोकॅलरी जातात. त्यामुळे रुग्णालयांनी रोजच्या तक्त्यावर दोन्हींतील मेदाची एकत्रित बेरीज, पिशवी लावल्याची वेळ आणि ट्रायग्लिसराइडचा शेवटचा आकडा नोंदवणे सक्तीचे करावे, आणि नातेवाइकांनी पिशवी बंद करायला सांगण्याऐवजी हा तक्ता पाहायला मागावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक औषधनिर्माता