हिरवा दिवा लागला म्हणजे एसएमपीएस चांगला असं होत नाही

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : ६५० वॅटचा एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) १४ महिन्यांत बिघडल्याबाबत, तो लोड (वीज ओढणारा भार) न देता तपासून परत पाठवल्याबाबत, केबल गहाळ केल्याबाबत आणि आजच्या फोनबाबत.

महोदय,

आज दुपारी तुमच्या ग्राहक सेवेतल्या माणसाने मी बोलत असताना फोन ठेवला. हा माझा पाचवा फोन होता. सहावा करणार नाही, म्हणून लिहिते आहे.

माझी मुलगी आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे. सांगलीहून कोल्हापूरला रोज ये-जा करते आणि रात्री घरी रेंडरिंग, म्हणजे ड्रॉइंगवरून खरं दिसणारं चित्र तयार करायचं तासन्‌तास चालणारं काम, लावते. तिच्यासाठी हा कॉम्प्युटर मी स्वतः जोडला. प्रोसेसर रायझन ५ ५६००, ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०६०. कॅबिनेट साधं घेतलं, रॅम पुढे वाढवू म्हणून १६ जीबीवर भागवलं, मॉनिटर जुनाच ठेवला. काटकसर केली नाही ती फक्त एसएमपीएसमध्ये. त्याचे ६,८५० रुपये तुम्हाला दिले.

ते का दिले हेही सांगते. मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक मेकॅनिक ट्रेडची शिल्प निदेशक आहे. कॅबिनेटबरोबर येणारे ‘४५० वॅट’वाले डबे माझ्या टेबलावर दर वर्षी उघडले जातात. इनपुट फिल्टरची कॉइल असायला हवी तिथे नुसती जंपर वायर टाकलेली असते. हीटसिंक म्हणजे पत्र्याची पट्टी. ३.३ आणि ५ व्होल्टचे आकडे फुगवून ४५० ची बेरीज जुळवलेली असते आणि ज्या १२ व्होल्टवर प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही चालतात त्यात काही दम नसतो. असला एक डबा मदरबोर्ड आणि हार्ड डिस्क सोबत घेऊन जातो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणून तुमचा घेताना मी सोनेरी स्टिकर पाहून घेतला नाही. ८० प्लस गोल्ड म्हणजे भिंतीतून घेतलेली वीज किती वाया जाते एवढंच कळतं. संरक्षण कसं आहे, व्होल्टेज किती स्थिर राहतं, याबद्दल तो शिक्का काहीच सांगत नाही. मी तुमच्या लेबलवरचा १२ व्होल्टचा रकाना पाहिला. ५४ अँपिअर, म्हणजे ६४८ वॅट. जवळजवळ सगळी ताकद एकाच १२ व्होल्टच्या रेलवर, म्हणजे आउटपुटवर. इनपुट १०० ते २४० व्होल्ट. वॉरंटी ७ वर्षं. हे वाचून मी पैसे मोजले.

आता लोडचा हिशोब. प्रोसेसर जास्तीत जास्त ७६ वॅट ओढतो, कार्ड १७०. पंखे, एसएसडी, हार्ड डिस्क, बोर्ड सगळं धरून ३०० च्या आसपास. कार्डाची चिप बनवणारी एनव्हिडिया स्वतः त्यासाठी ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवते आणि त्यातही पुष्कळ मोकळीक धरलेली आहे. मी त्याच्याही वर १०० वॅट घेतले. यूपीएससुद्धा प्युअर साइनवेव्हचा, म्हणजे भिंतीतल्या विजेसारखीच गुळगुळीत लहर देणारा घेतला, कारण तुमच्याच मॅन्युअलमध्ये ॲक्टिव्ह पीएफसीसाठी (वीज आत घेणाऱ्या सर्किटसाठी) तसाच वापरा असं लिहिलं आहे. तुम्ही छापलेली प्रत्येक ओळ मी पाळली.

१४ महिन्यांनी रेंडरिंग चालू असताना कॉम्प्युटर बंद पडू लागला. आधी आठवड्यातून एकदा, मग रोज. ‘टक्’ असा बारीक आवाज आणि पडदा काळा. विंडोजमध्ये कर्नेल-पॉवर ४१ ची, म्हणजे नीट बंद न होता अचानक बंद पडल्याची नोंद. रिकामा बसला की दिवसभर चालतो, काम दिलं की बंद पडतो. तुम्ही एसएमपीएस बनवता, तेव्हा यावरून काय समजायचं ते तुम्हाला मी सांगायची गरज नाही. तरी पहिल्या फोनवर मला रॅमचा स्लॉट बदलायला सांगितलं. दुसऱ्या फोनवर विंडोज नव्याने टाकायला सांगितलं. तेही केलं, पोरीचा एक रविवार त्यात गेला. तिसऱ्या फोनवर व्हिडिओ मागितला, तो पाठवला. चौथ्या फोनवर सांगितलं की कोल्हापूरच्या कलेक्शन सेंटरवर आणून द्या.

देण्याआधी मी तो वर्कशॉपमध्ये नेऊन तपासला. तपासला कसा, हे नीट वाचा, कारण तुमच्या सेंटरने हेच करायला हवं होतं. गाडीच्या हेडलाइटचे १२ व्होल्ट ५५ वॅटचे सहा हॅलोजन बल्ब एका लाकडी फळीवर बसवले, प्रत्येकाला वेगळा स्विच. थंड फिलामेंट चालू होताना जास्त करंट ओढतं, म्हणून सगळे एकदम न लावता एकेक लावला, मध्ये दोन-दोन मिनिटं जाऊ दिली. मल्टिमीटरचा प्रोब कनेक्टरच्या मागून १२ व्होल्टच्या पिवळ्या वायरवर. दोन बल्बांना १२.०५ व्होल्ट. तिसऱ्याला ११.८२. चौथा लावला तसा ११.४१, आणि आधीचे तीन बल्ब डोळ्यांना कळेल इतके मंद झाले. पाचवा लावला. मीटर १०.९४ पर्यंत घसरला, तोच घरचा ‘टक्’ झाला आणि फळी अंधारली. तीनदा केलं, तीनही वेळा पाचव्या बल्बला. पाच बल्ब म्हणजे २७५ वॅट, तुमच्या ६५० च्या निम्मेसुद्धा नाहीत. तुमच्या पेटीवर एटीएक्स २.४ हे कॉम्प्युटरच्या एसएमपीएसचं मानक छापलं आहे. त्यात १२ व्होल्टला ५ टक्क्यांची सूट आहे, म्हणजे ११.४ च्या खाली जाताच कामा नये. मग त्याच सॉकेटवर, त्याच फळीवर, त्याच सहा बल्बांना आमच्या वर्कशॉपमधला दुसऱ्या कंपनीचा पाच वर्षं जुना ५५० वॅटचा एसएमपीएस लावला. सहाच्या सहा बल्ब अर्धा तास जळले. मीटर ११.९ च्या खाली आला नाही.

हे सगळे आकडे एका कागदावर लिहून, सही करून मी एसएमपीएसच्या पेटीत ठेवले. पेटी जुन्या टॉवेलात गुंडाळली, केबली रबराने बांधल्या आणि एसटीने कोल्हापूरला गेले. त्यासाठी एक रजा टाकली.

बारा दिवसांनी पेटी परत आली. सोबतच्या चिठ्ठीवर तीन शब्द होते, ‘नो फॉल्ट फाउंड’. कशावरून, म्हणून मी सेंटरला फोन केला. तिथला मुलगा म्हणाला, टेस्टर लावला, हिरवा दिवा लागला. लोड किती दिला होता? लोड म्हणजे काय, असं त्याने मला विचारलं. त्याच्यावर माझा राग नाही, त्याला कुणी शिकवलेलंच नाही. राग तुमच्यावर आहे. मोकळ्या एसएमपीएसला टेस्टर लावला की हिरवा दिवा लागणारच. माझ्याकडेही तो दोन बल्बांवर १२.०५ दाखवतच होता. वजन न टाकता दोर पक्का आहे की नाही हे कसं कळेल? मी लिहून दिलेला कागद पेटीत जसाच्या तसा होता. त्याची घडीसुद्धा कुणी उलगडली नव्हती.

आणि पेटीतली साटाची, म्हणजे हार्ड डिस्कला वीज देणारी केबल नव्हती. हे विचारल्यावर त्याच मुलाने सांगितलं की दुसरी कोणतीही लावा मॅडम, मॉड्युलर केबली सगळ्या सारख्याच असतात. हे वाक्य तुमच्या सेंटरमधून ग्राहकाला सांगितलं जातं याची मला खरोखर भीती वाटली. मॉड्युलर केबल म्हणजे एसएमपीएसपासूनही सुटी होणारी. तिचं ड्राइव्हच्या बाजूचं टोक ठरलेलं असतं, एसएमपीएसच्या बाजूचं नसतं. प्रत्येक कंपनीची पिनांची मांडणी वेगळी, कधी कधी एकाच कंपनीच्या दोन मालिकांचीही वेगळी. प्लग सहज बसतो आणि ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जातात. बटण दाबल्याबरोबर हार्ड डिस्क संपते. माझ्या मुलीची चार वर्षांची ड्रॉइंग्ज त्या डिस्कवर आहेत. मला माहीत होतं म्हणून ती वाचली. ज्याला माहीत नाही तो तुमच्याच माणसाचं ऐकणार.

आता आजचा फोन. तो तुमच्याकडे रेकॉर्ड झालेला असणार, काढून ऐका.

मी तक्रार क्रमांक सांगितला. पलीकडून पहिला प्रश्न आला, “मॅडम, घरात सर आहेत का? त्यांच्याशी बोलता आलं तर बरं होईल.”

मी म्हटलं, तक्रार माझी आहे, बिल माझ्या नावावर आहे, बोला.

“कॉम्प्युटर कोणी असेंबल केलाय?”

“मी.”

“नाही मॅडम, म्हणजे एसएमपीएस कोणत्या टेक्निशियनने बसवला?”

“मीच बसवला.”

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “बरं. मग बसवतानाच काहीतरी झालं असेल.”

१४ महिने रात्र-रात्र चाललेला कॉम्प्युटर बसवताना बिघडला होता, असं हा माणूस मला सांगत होता. मी शांतपणे त्याला बल्बांचे आकडे वाचून दाखवले. चौथ्या बल्बाचा आकडा सांगत असताना त्याने मला तोडलं. “मॅडम, असं बल्ब लावून काही टेस्ट होत नसतं. तुमच्याकडे लाईटचाच प्रॉब्लेम असणार. छोट्या गावांत व्होल्टेज अप-डाऊन होतं, त्याला आम्ही काय करणार? स्टॅबिलायझर लावून घ्या.”

सांगली, मिरज, कुपवाड मिळून महानगरपालिका आहे. पण गाव छोटं असतं तरी काय फरक पडला असता? वाडीवस्तीवरचा माणूस पैसे कमी देतो का? मी आठ दिवस सकाळ, दुपार, रात्र भिंतीतलं व्होल्टेज मोजून लिहिलं आहे. सगळ्यात कमी २२१, सगळ्यात जास्त २३८. तुमच्या लेबलवर १०० ते २४० आहे. हे त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “लेबलवर सगळेच लिहितात.”

हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. लेबलवर सगळेच लिहितात हे मला ठाऊक आहे, माझ्या टेबलावरचे ते ४५० वॅटचे डबे हेच तर करतात. त्यांच्यापासून लांब राहायचं म्हणून मी दहापट पैसे देऊन तुमच्याकडे आले. तुमचाच माणूस तुमचं लेबल खरं मानत नसेल, तर मी तुमच्याकडून नेमकं काय विकत घेतलं?

भिंतीतली वीज सरळ नसते, म्हणूनच मध्ये एसएमपीएस बसवावा लागतो. वर-खाली होणारी वीज घ्यायची आणि पुढे स्थिर १२ व्होल्ट द्यायचे, हे त्याचं मुख्य काम आहे. ते काम होत नाही अशी तक्रार केली तर विजेकडे बोट दाखवायचं? आणि विजेचाच दोष असेल तर वर्कशॉपच्या त्याच सॉकेटवर दुसरा एसएमपीएस सहा बल्ब कसे पेटवतो? मी हे विचारलं. उत्तर असं आलं, “तुम्ही ८५० वॅटचा घ्या मॅडम. सध्या एक्सचेंज ऑफर आहे, जुन्यावर हजार रुपये मिळतील.”

२७५ वॅटला बंद पडणारा बदलून देत नाही आणि मोठा विकायला निघालात. मी म्हटलं, मला वरिष्ठांशी बोलायचं आहे. तो म्हणाला, “सर घरी आले की त्यांना फोन करायला सांगा,” आणि फोन ठेवला.

तुमचं नाव मी आमच्या दोन सहकाऱ्यांना सुचवलं होतं. दोघांनी माझ्या शब्दावर तुमचेच एसएमपीएस घेतले. काल मी दोघांनाही सांगितलं की रेंडरिंग, गेम असलं काही चालू असताना बारीक ‘टक्’ ऐकू आला तर दुर्लक्ष करू नका. ते सांगताना मला लाज वाटली. दर वर्षी माझ्या वर्गात नवी पोरं-पोरी येतात, त्यांतले निम्मे पुढे कॉम्प्युटर दुरुस्तीत जातात. एसएमपीएस कोणता घ्यावा हा त्यांचा ठरलेला प्रश्न असतो. आजवर मी तुमचं लेबल फळ्यावर काढून दाखवत होते, की बघा, १२ व्होल्टचा रकाना असा हवा. यापुढे मी त्या फळीवरचे सहा बल्ब दाखवीन आणि पाचव्या बल्बाला काय झालं तेही सांगेन.

माझ्या मागण्या अशा आहेत. एसएमपीएस बदलून नवा द्या, दुरुस्त करून रंगवलेला नको. त्याच मॉडेलच्या सगळ्या केबली द्या, सेंटरने हरवलेल्या साटाच्या केबलसकट. माझा एसएमपीएस परत तपासायचाच असेल तर किमान ३०० वॅटचा लोड देऊन, कोणत्या लोडला किती व्होल्टेज आलं ते लिहून, सहीनिशी अहवाल द्या. हिरवा दिवा हा अहवाल मी मानणार नाही. आणि ‘कोणतीही केबल लावा’ हे सांगणं तुमच्या सगळ्या सेंटरवर आजच्या आज बंद करा. ही शेवटची मागणी माझ्यासाठी नाही, पण तीच सगळ्यात तातडीची आहे.

यासाठी १५ दिवस देते. त्यानंतर आधी १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे नोंद करीन आणि मग ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार देईन. नव्या कायद्याने मी राहते तिथेच दावा लावता येतो, ५ लाखांपर्यंत फी नाही आणि वकीलही लागत नाही. बल्बांची फळी घेऊन मी स्वतः उभी राहीन. ६,८५० रुपयांसाठी कोण एवढं करतं असं तुम्हाला वाटत असेल, तर मी करते.

मुलीचं सबमिशन पुढच्या महिन्याच्या १० तारखेला आहे. तोवर वर्कशॉपमधला तो जुना एसएमपीएस परवानगीने घरी आणला आहे आणि कॉम्प्युटर त्याच्यावर चालतो आहे. काल रात्री सलग सात तास रेंडरिंग चाललं, एकदाही बंद पडला नाही. तुमचा पेटीत आहे. पेटीत आकड्यांचा तोच कागद परत ठेवला आहे, या वेळी तो उलगडून वाचा.

उत्तर लेखी द्या. फोनच करायचा असेल तर बिलावरच्या नंबरावर करा. तो माझा आहे आणि या कॉम्प्युटरबद्दल जे काही बोलायचं ते माझ्याशीच बोलावं लागेल.

आपली ग्राहक,
सांगली

सोबत : बिलाची प्रत, ‘नो फॉल्ट फाउंड’ची चिठ्ठी, बल्ब चाचणीचे आकडे, आठ दिवसांच्या व्होल्टेजची नोंद.