रंगवलेल्या डायलची नोंद कुठे?

संपादक महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतला जुन्या मनगटी घड्याळांवरचा लेख आवडला. खटकलं ते एकच वाक्य: काळवंडलेली डायल रंगवून घेतली की घड्याळाचं मूळ रूप परत येतं. मूळ रूप येत नाही, होतं तेवढंही जातं. रंगवण्याआधी डायल पितळेपर्यंत घासतात. कारखान्याने छापलेलं जे काही त्यावर असतं, ते त्या घासण्यातच संपतं.

मी आयुष्यभर मुद्रितशोधनाचं काम केलं. मामांचं जुनं ओमेगा माझ्याकडे आलं तेव्हा वेळ नंतर पाहिली, आधी अक्षरं वाचली. 'ऑटोमॅटिक' या रोमन शब्दातले दोन 'टी' एका उंचीचे नव्हते. एक जाड, एक बारीक, दुसऱ्याची मान जरा कललेली. मागचं झाकण उघडल्यावर कळलं की अक्षरंच काय, शब्दच चुकलाय. आत 265 क्रमांकाचं मशीन होतं, आणि ते हाताने चावी द्यायचं. हात हलला की आपोआप चावी बसावी अशी सोय त्यात नाहीच.

चुका एवढ्यावर थांबल्या नव्हत्या. मशीनवरचा क्रमांक 1 कोटी 40 लाखांच्या घरातला, म्हणजे घड्याळ साधारण 1952 ते 1954 या काळातलं. डायलच्या तळाशी मात्र 'स्विस मेड'च्या दोन्ही अंगांना एकेक 'टी' छापलेला. हा 'टी' ट्रिटियमचा. अंधारात चमकणाऱ्या लेपासाठी घड्याळांत ट्रिटियम वापरात आलं ते 1960 च्या आसपास. आमच्याकडे मजकुरात असा कालविपर्यास सापडला असता तर लेखकाला फोन गेला असता!

डोळ्याला भिंग लावलं की बाकीचंही दिसू लागतं. सेकंदाच्या छोट्या वर्तुळात केसाएवढ्या बारीक गोल रेघा असतात, त्या इथे अर्ध्या बुजलेल्या. तीनच्या बाजूला डायलच्या कडेला छोटी खाच; छापताना डायल नेमकी बसावी म्हणून रंगवणारे ती पाडतात. मिनिटांच्या रेषा तासांच्या खुणांशी जुळत नाहीत. आणि डायलवरचे ठिपके हिरवेगार, काट्यांमधला लेप तपकिरी. दोन्ही एका वयाचे असते तर एकत्रच पिकले असते.

काट्यांवरून एक सांगायलाच हवं. आपण चमकणाऱ्या प्रत्येक गोष्टीला रेडियम म्हणतो, पण त्या काळच्या घड्याळात ते खरोखरचं रेडियम असतं. लेप चमकेनासा होतो तो त्यातलं प्रत्यक्ष चमकणारं झिंक सल्फाइड थकतं म्हणून; रेडियम तसंच असतं. रेडियम अर्धं व्हायला सुमारे 1600 वर्षं लागतात. त्यामुळे घरी झाकण उघडून, चाकूच्या टोकाने तो लेप खरवडू नये. त्याची धूळ श्वासावाटे आत गेली तर धोका आहे. आपल्या लेखात याबद्दल अवाक्षर नाही.

मामांनी हे घड्याळ 'एकदम ओरिजिनल' म्हणून दुसऱ्याच्या हातचं घेतलं होतं. जाईपर्यंत त्यांना शंका आली नाही. आता गंमत पाहा. झाकणाच्या आत चार बारीक ओरखडे आहेत. ज्याने ज्याने घड्याळ साफ केलं त्याने तारीख आणि खूण कोरलेली. दुरुस्ती करणाऱ्यांची ही जुनी रीत. डायल रंगवल्याची खूण त्यांत नाही. ती सापडली डायलच्या पाठीवर: घाईत कोरलेला चार आकडी कामाचा क्रमांक. म्हणजे रंगवणाऱ्याने नोंद केली, पण मशीन सोडवल्याशिवाय कुणाला दिसणार नाही अशा जागी.

डायल रंगवणं गुन्हा नाही. गंजून अक्षर उरलं नसेल तर दुसरा इलाज नसतो. पण रंगवणाऱ्याने झाकणाच्या आत, जिथे सगळे पाहतात तिथे, दोन अक्षरं कोरावीत आणि विकणाऱ्याने ते तोंडाने सांगावं, एवढीच माझी मागणी आहे. पुरवणीतल्या लेखांनीही 'पुनर्रंगित'ला 'मूळ' म्हणू नये.

मी मामांच्या घड्याळाची डायल पुन्हा घासू दिली नाही. दुसऱ्या घड्याळाची जुनी डायल बसवा, असंही एकाने सुचवलं. मग मामांच्या मनगटावर होतं ते घड्याळ कोणतं? मशीन खोलून साफ केलं, तेल दिलं, मेनस्प्रिंग, म्हणजे चावीची कमान, नवी घातली, काच फक्त पॉलिश केली. सेकंदाला पाच टिकटिक, दिवसाकाठी मिनिटभरही चुकत नाही. 'ऑटोमॅटिक' तसंच आहे, दोन्ही वाकडे 'टी' धरून. झाकणाच्या आत आता पाचवी ओळ आहे: साफसफाईची तारीख, आणि तिच्यापुढे 'डा. रं.'

आपला,
एक निवृत्त मुद्रितशोधक