सिंहगिरीची भिंत

कँडी, श्रीलंका,
१२ फेब्रुवारी

प्रिय नंदू,

फोनवर सांगितलं असतं तर तू मधेमधे बोलली असतीस, म्हणून लिहिते. काल सिगिरिया पाहिलं. सिगिरिया म्हणजे सिंहगिरी, म्हणजे नावाने आपला सिंहगडच. फक्त वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही नाही. सपाट जंगलातून एकच कातळ सुमारे २०० मीटर सरळ वर उठलाय. पायऱ्या बाराशेच्या आसपास. माझे गुडघे तुला ठाऊक आहेत, तेव्हा उजाडताच चढायला लागले.

पाचव्या शतकात कश्यपाने बापाला, धातुसेन राजाला, कैद करून खजिना कुठे आहे म्हणून पिच्छा पुरवला. म्हाताऱ्याने त्याला स्वतः बांधलेल्या कलावेवा तलावाशी नेलं, ओंजळीत पाणी घेतलं आणि म्हणाला, हीच माझी दौलत. मग त्याला भिंतीत चिणला, अशी तिथल्या बखरीतली गोष्ट. सावत्र भाऊ मोग्गलान भारतात पळाला, आणि तो परत येईल या धास्तीने कश्यप या कातळावर जाऊन बसला. अठरा वर्षांनी भाऊ आलाच. इतक्या अवघड जागी राहूनही पठ्ठ्या लढायला खाली उतरला आणि संपला!

अर्ध्या वाटेवर लोखंडी गोल जिन्याने वर गेलं की त्या चित्रातल्या बायका. अजिंठ्याच्या चुलतबहिणीच म्हण. फोटो काढू देत नाहीत. १९६७ साली कुणीतरी त्यांच्यावर हिरवा रंग फासला होता.

पण मी रेंगाळले ती खालच्या आरसा-भिंतीपाशी. चुन्याचा गिलावा इतका घोटलेला, की म्हणे राजाला त्यात तोंड दिसायचं. पुढे राजवाडा ओस पडला आणि येणारेजाणारे त्यावर टोकदार काहीतरी घेऊन कविता कोरू लागले. कुणी त्या बायकांवर भाळलंय, कुणी त्या बोलतच नाहीत म्हणून रुसलंय. परणवितान नावाच्या संशोधकांनी यातल्या ६८५ कविता लावून १९५६ मध्ये छापल्या. अक्षरं केसाएवढी बारीक. तिरपं ऊन पडलं तेव्हा कुठे मला एक ओळ दिसली. वाचता अर्थातच आली नाही.

आता हस. राजगडावर बादली-ब्रश घेऊन 'पप्पू लव्ह सोनी' घासत मी त्या पप्पूचा किती उद्धार केला होता! आणि इथे हजार वर्षांपूर्वीच्या पप्पूसमोर भक्तिभावाने उभी. २०१५ मध्ये याच भिंतीवर नाव कोरणाऱ्या एका मुलीला दोन वर्षांची कैद झाली होती; पुढे राष्ट्राध्यक्षांनी माफी दिली. मला तिची दया आली आणि रागही आला. दोन्ही एकदम.

दुपारी दंबुल्ला. तिथे गुहेला 'लेन' म्हणतात, आपलं लेणंच की! पाच लेणी, दीडशेवर बुद्धमूर्ती, आणि छत असं रंगवलंय की खडकावर कापड ताणल्यासारखं वाटतं. चपला बाहेर काढायच्या, मोजे मी विसरलेले, आणि भर बारा वाजता तो खडक म्हणजे तवा. पहिल्या लेण्यातला निजलेला बुद्ध १४ मीटर लांब, तळवे लाल रंगवलेले. माझेही तसेच झाले होते. दुसऱ्या लेण्यात छतातून पाणी ठिबकतं, खाली ते साठवायला भांडं ठेवलंय. त्या गारव्यात बसून राहिले, ड्रायव्हर शोधत येईपर्यंत.

मार्चमध्ये राजगडाला जायचं नक्की आहे ना? बादली तू आण. ब्रश माझ्याकडे आहेत, पण या वेळी घासण्याआधी सगळं एकदा वाचून घेऊ.

तुझी,
माधवी